सिसप्रॉफचं पॅकेज: स्टोअरमधला पत्ता दोन्ही मशीनवर एकच, तरी काट्यावर उघडताच कोसळतंय

वजनकाटा_फैजपूर · सोमवार, रात्री ११:४०

राम राम मंडळी. आधीच सांगतो, प्रश्न लांबलाय. दोन दिवस डोकं फोडून झालं, रॅम तपासणारी मेमटेस्टसुद्धा रात्रभर लावून पाहिली. पहाटे तीनला लाईट गेली, ते सोडा.

फैजपूर, सावदा, रावेर, यावल अशा चार वजनकाट्यांवर माझा पावतीचा प्रोग्रॅम चालतो. ट्रक चढला, वजन स्थिर झालं, गाडी नंबर टाकला, बटण दाबलं, पावती निघाली. एवढंच त्याचं काम. सी आणि जीटीके, भारी काही नाही. पण गेल्या महिन्यापासून यावलच्या काट्यावर बटण दाबल्यापासून प्रिंटर हलेपर्यंत तीन-तीन सेकंद जातात. तीन सेकंदांचं काय एवढं, असं वाटेल. केळीची कापणी जोरात असली की मागे दहा गाड्या हॉर्न मारत उभ्या असतात. काटेवाले काका वैतागून दुसऱ्यांदा बटण दाबतात, दोन पावत्या निघतात, आणि मग ड्रायव्हर म्हणतो, दोनदा पैसे घेता का हो. गेल्या गुरुवारी यावरून हमरीतुमरी झाली.

अंदाजाने कोडमध्ये दोन-तीन ठिकाणी हात घालून पाहिला, फरक शून्य. म्हणून ठरवलं की आता मोजूनच बघायचं. सिसप्रॉफ, म्हणजे वेळ कुठे जातो ते मोजणारा प्रोफायलर, यासाठी निवडलं की ते एकट्या माझ्या प्रोग्रॅमकडे न बघता अख्ख्या मशीनचे नमुने घेतं, कर्नल, प्रिंटरची सेवा, लायब्ररी सगळं. दोष माझा की कप्सचा (छपाईच्या सेवेचा) की आणखी कोणाचा, हेच मला माहीत नव्हतं.

चारही डब्यांवर, म्हणजे काट्यांवरच्या कॉम्प्युटरवर, गीक्स सिस्टिम आहे; हे लिनक्सचं वितरण प्रत्येक पॅकेज त्याच्या व्याख्येवरून (कृतीवरून) बांधतं आणि स्टोअर नावाच्या फोल्डरात त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर ठेवतं. माझं छोटं चॅनल (व्याख्यांचा साठा) आहे, त्यातून पावतीचा प्रोग्रॅम जातो. मूळ चॅनलमधली सिसप्रॉफची व्याख्या उचलून माझ्या चॅनलमध्ये आणली, आवृत्ती ४५ केली आणि थोडी मनासारखी केली. (माशी इथंच शिंकली असावी.) वाटेत काय काय झालं ते क्रमाने:

डाउनलोडला ४०४. अर्धा तास गेला. आधीची मालिका ३.४८ होती आणि गनोमच्या (सिसप्रॉफ ज्या डेस्कटॉप प्रकल्पाचं आहे त्याच्या) सर्व्हरवर तिचं फोल्डरही ३.४८ नावाचं. ४५ पासून आकडा गनोमच्या आकड्याला जुळवलाय, त्यामुळे फोल्डर नुसतं ४५. माझी व्याख्या ४५.० नावाचं फोल्डर शोधत बसली होती.

मग लिबडेक्स आणि लिबपॅनल या लायब्ररी नव्याने लागल्या, त्या दिल्या. मेसन (बांधणीचं साधन) सिस्टिमडीचा (सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेचा) पत्ता मागत होता. गीक्सवर त्या जागी शेफर्ड आहे, सिस्टिमडी कुठून आणू? युनिट फाइल ठेवायचा रस्ता पॅकेजच्याच आउटपुटमध्ये दाखवला, गप्प बसला. चाचण्या डीबस डीबस (प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलू देणारी सेवा) करत पडल्या, त्या सरळ बंद केल्या.

लॅपटॉपवर बांधलं, चाललं. 'गीक्स बिल्ड --चेक' (पुन्हा बांधून तेच निघतं का ते बघणं) केलं, दुसऱ्यांदाही तेच निघालं, काही तक्रार नाही. मग 'गीक्स कॉपी'ने यावलच्या डब्यावर पाठवलं. तिथं सिसप्रॉफ उघडलं की लगेच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन, कोअर डम्प्ड'. दोन्हीकडे 'गीक्स डिस्क्राईब'ला तोच कमिट (व्याख्यांची तीच आवृत्ती). दोन्हीकडे स्टोअरमधला पत्ता अक्षर न् अक्षर तोच, त्यातल्या बत्तीस अक्षरी हॅशसकट (हॅश म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा).

पत्ता एक म्हणजे बायनरी एक. बरोबर ना? मग एकीकडे चालतं आणि दुसरीकडे कोसळतं म्हणजे त्या डब्याचं हार्डवेअर गेलं असंच धरायचं का? मेमटेस्ट तर, लाईट जाईपर्यंत, स्वच्छ होती.

---

गिरणाकाठ · मंगळवार, सकाळी ७:०५

बरोबर नाही. तुमचा गोंधळ इथंच आहे, आणि तो सगळ्यांचा एकदा होतो.

स्टोअरच्या पत्त्यातला हॅश हा आत काय घातलं त्याचा असतो: सोर्स, कंपायलर, सगळ्या लायब्ररी, तुमचे पर्याय, बांधायची स्क्रिप्ट. बाहेर काय पडलं त्याचा तो नसतो. पत्ता तर बांधायच्या आधीच ठरलेला असतो, त्यात बायनरीचा हॅश येणार कुठून?

तुमच्याच भाषेत सांगतो. पत्ता म्हणजे ट्रकची बिल्टी. सावद्याहून अमुक बागेचा माल, अमुक गाडी, अमुक व्यापारी. दिल्लीला ताडपत्री उघडल्यावर आत काय निघालं ते बिल्टीवर नसतं. त्यासाठी माल उतरवून बघावा लागतो.

तर उतरवून बघा. दोन्ही मशीनवर त्या फोल्डरचा 'गीक्स हॅश' काढा, अख्ख्या फोल्डरचा, नार (फोल्डर एका फाइलीत गुंडाळायच्या) पद्धतीने. दुसरं, यावलच्या डब्यावर जीडीबी या डीबगरमध्ये चालवा, कोसळलं की प्रोसेसर ज्या सूचनेवर अडला ती छापून घ्या आणि इथं टाका. तिसरं, व्याख्या जशीच्या तशी दाखवा, 'थोडी मनासारखी केली' हे काही तांत्रिक वर्णन झालं नाही.

एक साधी चाचणीही करा. यावलच्या डब्यावर, तिथल्या तिथे 'गीक्स बिल्ड --चेक' चालवा.

---

शहादेकर · मंगळवार, सकाळी ९:३०

काय चालनं भो. डेबियन टाक, ॲप्ट इन्स्टॉल सिसप्रॉफ मार, नि झोप. काट्यावरच्या डब्याला एवढा थाट कशाला?

---

वजनकाटा_फैजपूर · मंगळवार, रात्री १०:१५

@शहादेकर, भाऊ, डेबियनच होतं पूर्वी. दोन वर्षांपूर्वी रावेरच्या डब्यावर अपग्रेड अर्ध्यावर असताना डीपी उडाली. लाईट आल्यावर अर्धी पॅकेजं नवी, अर्धी जुनी, आणि मशीन बूट होऊन काळ्या पडद्यावर. भर उन्हात मोटरसायकलवर पेनड्राइव्ह घेऊन गेलो होतो. गीक्सवर नवी पिढी पूर्ण तयार झाल्याशिवाय जुनीवरून उडी मारतच नाही. मधे लाईट गेली तर जुनीच चालू राहते, आणि नवी बिघडली तर काका बूटच्या यादीतून मागची निवडतात. त्यांना ते फोनवर सांगता येतं. थाट नाही हो, पेट्रोल वाचतं.

@गिरणाकाठ, दादा, सांगितलं तसं केलं. दोन्हीकडचं आउटपुट एकच होतं, कारण मी कॉपीच केलेलं, हॅशही तोच. मग यावलच्या डब्यावर --चेक लावलं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, त्या म्हाताऱ्या सेलेरॉनवर, दीड तास. शेवटी आलं: 'मे नॉट बी डिटरमिनिस्टिक, आउटपुट डिफर्स'. म्हणजे तिथं बांधलेलं वेगळं निघतंय.

जीडीबीने दाखवलेली सूचना 'व्हीमूव्हडीक्यूयू' अशी काहीतरी आहे.

व्याख्येतला माझा भाग: सी कंपायलरला तीन पर्याय दिलेत, ओ-टू, नो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर आणि मार्च-नेटिव्ह. पावतीच्या प्रोग्रॅमच्या व्याख्येतून तसेच उचलले. शिवाय एक पायरी वाढवलीय. सिसप्रॉफच्या 'अबाउट' खिडकीत बांधल्याची तारीख यावी म्हणून 'डेट' कमांडचं उत्तर सोर्समध्ये घुसवलंय, नुसता दिवस-महिना-वर्ष. काकांना फोनवर विचारता यावं की तुमच्याकडे कुठल्या तारखेचं आहे.

---

शहादेकर · मंगळवार, रात्री १०:२२

मार्च एंडिंग मे महिन्यात उरकलं म्हण की.

---

पांझराकाठ · बुधवार, सकाळी ६:५०

मूळची धुळ्याची, आता पुण्यात, पॅकेजिंग हेच पोटापाण्याचं काम. शहादेकरांनी गमतीत निदान करून टाकलंय, पण नीट सांगते, कारण तुमच्या व्याख्येत दोन वेगळे उंदीर आहेत आणि दोघेही एकाच बिळात लपलेत.

पहिला, मार्च-नेटिव्ह. याचा अर्थ 'आत्ता ज्या प्रोसेसरवर कंपाइल होतंय त्याला जे जे येतं ते सगळं वापर'. गीक्सचा सँडबॉक्स (बांधणीची बंद खोली) नेटवर्क तोडतो, घरचं फोल्डर लपवतो, बांधायची जागा दरवेळी टेम्पखाली त्याच नावाची ठेवतो. पण प्रोसेसर कुठला ते तो लपवत नाही. जीसीसी कंपायलरने प्रोसेसरला विचारलं, तुमच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरने सांगितलं एव्हीएक्स२ (एका दमात जास्त डेटा हाताळणाऱ्या सूचना) आहे, त्याने 'व्ही'ने सुरू होणाऱ्या सूचना काढल्या. स्वस्तातल्या जुन्या सेलेरॉनना एव्हीएक्स येतच नाही. म्हणून इल्लीगल इन्स्ट्रक्शन. हार्डवेअर ठणठणीत आहे, रॅम बदलू नका.

आणि मजा ही की पर्याय म्हणून 'मार्च-नेटिव्ह' ही अक्षरं दोन्हीकडे तीच, म्हणून इनपुटचा हॅश तोच, म्हणून पत्ता तोच. बिल्टी खोटी नाही. बिल्टीवर 'जो माल हाताला लागेल तो भरा' असं लिहिलंय.

दुसरा, तारीख. बांधणीच्या वेळी गीक्स 'सोर्स डेट इपॉक' नावाचा चल १ वर ठेवतो, म्हणजे १९७० च्या १ जानेवारीचा पहिला सेकंद. समजूतदार साधनं तो मान देऊन वाचतात. 'डेट' कमांड नाही वाचत, ती सरळ घड्याळ बघते. तुम्ही तास-मिनिटं घातली असती तर लॅपटॉपवरच्या पहिल्याच --चेकला उघडं पडलं असतं. नुसता दिवस घातलात, आणि --चेक त्याच दिवशी केलंत. दोन्ही वेळा तीच तारीख, सगळं हिरवंगार.

म्हणजे त्याच मशीनवर त्याच दिवशी दोनदा बांधणं ही फार लेचीपेची परीक्षा आहे. डेबियनची मंडळी रिप्रोड्युसिबल बिल्डच्या (कधीही, कुठेही बांधा, तेच निघावं या) चाचणीत दुसऱ्या वेळी मुद्दाम सगळं हलवतात: होस्टचं नाव, वापरकर्ता, भाषा, टाइमझोन, आणि घड्याळ तर ३९८ दिवस पुढे नेतात. एक वर्ष नेलं तर फक्त वर्ष बदलेल, दिवस-महिना तोच राहील आणि एखादी तारीख निसटेल, म्हणून वर्ष अधिक महिनाभर. मला हा आकडा फार आवडतो. कोणीतरी आधी ठेच खाल्लेली आहे त्यात.

तुमच्याकडे चार डबे आहेत, म्हणजे प्रयोगशाळा घरचीच आहे. लॅपटॉपवर 'गीक्स पब्लिश' चालू करा. यावलला सब्स्टिट्यूट (तयार बांधलेलं) न घेता स्वतंत्र बांधा, आणि मग 'गीक्स चॅलेंज'ला लॅपटॉपचा पत्ता द्या. दोन्ही हॅश शेजारी शेजारी छापून येतील. फरक आला तर --चेकला --कीप-फेल्ड जोडा, वेगळं निघालेलं आउटपुट शेपटीला '-चेक' लावून स्टोअरमध्ये राहतं. त्यावर डिफोस्कोप चालवा. कुठल्या फाइलमध्ये कुठला बाईट ते तो दाखवतो.

वेगाची हौसच असेल तर गीक्सला --ट्यून म्हणून पर्याय आहे. त्यात प्रोसेसरचं नाव इनपुटमध्ये जातं, म्हणजे पत्ताही बदलतो. पण तो ट्यून करण्याजोगं म्हणून खूण केलेल्या पॅकेजांनाच लागू होतो, आणि प्रोफायलरला त्याची गरज काय? प्रोफायलर बसून मोजतो, धावत नाही.

फ्रेम पॉइंटरचा पर्याय मात्र ठेवा, आणि पावतीच्या प्रोग्रॅममध्ये तर ठेवाच. त्याशिवाय कोणी कोणाला बोलावलं ही साखळी कर्नलला लावता येत नाही, नुसती टोकं दिसतात. फेडोराने ३८ मध्ये आणि उबंटूने २४.०४ मध्ये अख्ख्या वितरणासाठी तो चालू केला तो याचसाठी. किंचित वेग जातो, जाऊ दे.

---

गिरणाकाठ · बुधवार, सकाळी ८:१०

ताईंनी सगळं सांगितलंच. माझी एक भर: चाचण्या सरसकट बंद करू नका. सँडबॉक्समध्ये डीबस चालू नसतो म्हणून त्या पडल्या असतील, तर डीबस-रन-सेशनमध्ये गुंडाळून बघा. तरी एखादी पडली तर तेवढीच वगळा आणि का वगळली ते शेजारी टिप्पणीत लिहा. सहा महिन्यांनी तुम्हीच विचाराल.

आणि ग्लिब या लायब्ररीच्या आतल्या खुणा सिसप्रॉफमध्ये दिसाव्यात असं पुढे वाटलं तर सांभाळून. ग्लिबला सिसप्रॉफ-कॅप्चर हवं, सिसप्रॉफला ग्लिब हवं. आधी फक्त कॅप्चरचा तुकडा बांधायचा, मग ग्लिब, मग पूर्ण सिसप्रॉफ. आणि ग्लिब बदललं की अर्धं जग नव्याने बांधावं लागतं. सेलेरॉनवर तर विचारच नको.

---

वजनकाटा_फैजपूर · गुरुवार, रात्री १२:२०

ताई, दादा, दोन्ही उंदीर सापडले.

मार्च-नेटिव्ह काढलं, पण आधी तारीख मुद्दाम तशीच ठेवली. मला बघायचंच होतं. मंगळवारी रात्री भाऊंचा टोमणा वाचून लॅपटॉपवर असंच बांधलेलं, बुधवारी --चेक. डिफोस्कोपने बरोबर एका बायनरीत बोट ठेवलं, एका बाजूला कालची तारीख, दुसऱ्या बाजूला आजची. एका अंकाचा फरक. दोन दिवस मी त्या एका अंकाशेजारी बसलो होतो.

मग तारीखही काढली, तिथं चॅनलच्या कमिटची पहिली सात अक्षरं टाकली. काकांना सात अक्षरं वाचून दाखवायला सांगेन, ते तसे हौशी आहेत. हो, पण कमिट आत घेतल्याने चॅनलमध्ये काहीही हललं की सिसप्रॉफचा पत्ता बदलणार, हे मागाहून लक्षात आलं. राहू दे सध्या.

नंतर तीनदा बांधलं. लॅपटॉपवर रात्री. लॅपटॉपवर भर दुपारी, बाहेर ४४ अंश, पंखा असा बोंबलत होता की आई आतून म्हणाली मिक्सर बंद कर. प्रोसेसरने गरमीने मान टाकली, रात्रीपेक्षा दीडपट वेळ लागला. आणि एकदा यावलला सेलेरॉनवर. 'गीक्स चॅलेंज': तिन्हींचा हॅश एक.

आता सिसप्रॉफ उघडतंय, पण 'रेकॉर्ड' दाबलं की परवानगी नाही म्हणतं. कर्नलचा परफ-इव्हेंट-पॅरानॉइड (कोणाला मोजमाप करू द्यायचं ते ठरवणारा आकडा) २ आहे. शून्य करू का?

---

पांझराकाठ · गुरुवार, सकाळी ७:००

नका करू. त्याची गरज नाही. सिसप्रॉफ स्वतः रूट नसतं, ते डीबसवरून सिसप्रॉफडी नावाच्या रूटच्या सेवेला सांगतं आणि पोलकिट तुम्हाला पासवर्ड विचारतं. पण डीबस आणि पोलकिट आपापल्या ठरलेल्या जागी फाइली शोधतात, तुमच्या प्रोफाइलमध्ये डोकावत नाहीत. नुसतं पॅकेज बसवून म्हणून भागत नाही. सिस्टिमच्या व्याख्येत डीबसच्या सेवेला आणि पोलकिटच्या सेवेला दोन्हींकडे सिसप्रॉफ जोडा, रीकॉन्फिगर करा. युनिट फाइल तिथं बिनकामाची आहे, डीबस स्वतःच सेवा उठवतो. निक्सओएसवर याच कामाला सर्व्हिसेस-सिसप्रॉफ-एनेबल अशी एक ओळ आहे.

आणखी एक, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी. सोर्सचा हॅश कुठून आणलात? आधी शून्यं टाकून, चुकीचा हॅश म्हणून जी तक्रार येते तिच्यातला उचललात ना? सगळे तेच करतात, मीही करते. पण मग तो हॅश एवढंच सांगतो की उद्याही हाच टारबॉल (सोर्सची गुंडाळलेली फाइल) मिळेल. टारबॉल चांगला होता का, हे नाही.

२०२४ च्या मार्चमधलं एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाचं प्रकरण याच जागेचं. पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड स्वतःची काही मोजमापं करत होते. एसएसएचच्या प्रक्रिया नको इतका प्रोसेसर खाताना दिसल्या. लॉगिनला ०.३ सेकंदाच्या जागी ०.८. त्यांनी परफ हा प्रोफायलर लावला. वेळ एक्सझेडच्या लिबएलझेडएमए लायब्ररीत जातोय हे दिसलं, पण कुठल्या फंक्शनमध्ये ते परफला सांगता येईना. त्या बिननावी पट्टीचा माग काढत गेल्यावर मागचं दार सापडलं, ५.६.० आणि ५.६.१ मध्ये. आणि ते उघडणारी एम४ (बांधणीच्या स्क्रिप्टची) फाइल गिटमध्ये नव्हतीच, फक्त टारबॉलमध्ये होती. तो टारबॉल शंभर ठिकाणी बांधला असता तरी शंभर वेळा तेच विष बाईट न् बाईट तसंच निघालं असतं. म्हणून जमेल तिथं टारबॉल सोडून गिटच्या टॅगवरून सोर्स घ्या.

मला त्यातलं अर्ध्या सेकंदाचं कौतुक वाटतं. तुमचे तर तीन आहेत.

---

वजनकाटा_फैजपूर · शुक्रवार, दुपारी ३:३०

काट्यावरूनच लिहितोय. गाड्या थोड्या कमी आहेत.

रेकॉर्डिंग झालं. दहा पावत्या छापल्या, थांबवलं. माझ्या फंक्शनांची नावं दिसतायत, पण त्यांच्या पोटात जी सगळ्यात रुंद पट्टी आहे तिथं नुसतं 'इन फाइल', पुढे स्टोअरचा लांबलचक पत्ता. नाव नाही. एक्सझेडची गोष्ट वाचून पोटात गोळा आला हो ताई.

---

पांझराकाठ · शुक्रवार, दुपारी ३:४१

गोळा गिळा. गीक्स बांधल्यावर बायनरी खरवडतो, म्हणजे चिन्हांची नावं काढून टाकतो. ज्या लायब्ररीला वेगळं 'डीबग' आउटपुट आहे तिची नावं तिथं असतात. पत्त्यात कुठल्या लायब्ररीचं नाव आहे?

---

वजनकाटा_फैजपूर · शुक्रवार, दुपारी ३:४४

फाँटकॉन्फिग, म्हणजे फाँट शोधून देणारी.

---

पांझराकाठ · शुक्रवार, दुपारी ३:५०

मग पावतीचा प्रोग्रॅम '--विथ-डीबग-इन्फो' लावून चालवा आणि पर्यायाला फाँटकॉन्फिगचं नाव द्या. तेवढी एकच लायब्ररी नावांसकट बांधली जाईल आणि बाकीच्यांवर कलम होईल, सगळं नव्याने बांधावं लागणार नाही. गीक्स या प्रकाराला खरंच कलमच म्हणतो.

---

वजनकाटा_फैजपूर · रविवार, सकाळी १०:३०

सापडलं. लाज वाटते पण सांगतो.

दोन वर्षांपूर्वी पावतीवर देवनागरी अक्षरांऐवजी चौकोन येत होते. तेव्हा कुठूनसं उचलून फाँटकॉन्फिगला 'सगळं पुन्हा पहिल्यापासून वाच' सांगणारी एक ओळ छापायच्या फंक्शनमध्ये टाकली होती. चौकोन गेले, ओळ राहिली. तेव्हापासून प्रत्येक पावतीला ती चालते. बाकी तीन काट्यांवर ते कळतसुद्धा नाही, कारण फाँट चार आणि त्यांची कॅश तयार.

यावललाच का? काकांचा पुतण्या लग्नसराईत त्याच डब्यावर पत्रिका करतो. त्याने महिन्यापूर्वी घरच्या फोल्डरमध्ये साडेतीनशे मराठी फाँट ओतलेत. आणि फाँटकॉन्फिगचं कॅशचं फोल्डर रूटच्या मालकीचं झालेलं, कारण मीच कधीतरी घाईत सुडो लावून प्रोग्रॅम चालवला होता. म्हणजे कॅश लिहिता येत नाही. मग प्रत्येक पावतीला जुन्या हार्डडिस्कवरून साडेतीनशे फाँट एकेक करून उघडून बघायचे. केळीच्या ट्रकची पावती छापायला 'श्री गणेशाय नमः'चे सगळे वळणदार फाँट.

चारही डब्यांवर सिस्टिम बाईट न् बाईट एकच ठेवायला जिवाचं रान केलं, आणि फरक होता तो घरच्या फोल्डरमध्ये, जिथं गीक्सने हातच लावलेला नव्हता.

ती ओळ काढली. फोल्डरची मालकी परत केली. फाँट ठेवलेत, पुतण्याची अजून तीन लग्नं बाकी आहेत. पावती आता बटणावरून बोट उचलायच्या आत येते. काका म्हणाले, आता इतकी लवकर येते की वजन बरोबर घेतलं का असा ड्रायव्हरला संशय येतो.

ताई, व्याख्या गिटच्या टॅगवर नेलीय. चाचण्यांपैकी एक अजून पडते, तेवढीच वगळली आणि टिप्पणी लिहिली. टाकतो इथंच, एकदा नजर घाला.

---

शहादेकर · रविवार, सकाळी १०:४५

तीन सेकंदसाठे आठ दिन घालात भो! त्या पुतण्याचा नंबर दे, आमच्याकडे दोन पत्रिका करायच्या आहेत.